फुप्फुसातली हजेरी

सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरवर नाव, वय, गाव यांच्या खाली ‘व्यवसाय’ असा एक रकाना असतो. बहुतेक वेळा तो रिकामा राहतो, नाहीतर त्यात ‘मजुरी’ एवढा एकच शब्द पडतो. लिहिणाऱ्यापुढची रांग दारापर्यंत गेलेली असते आणि सांगणाऱ्यालाही आपल्या कामात सांगण्यासारखं काही आहे असं वाटत नसतं. माणूस खोकतोय, अंग उतरलंय, चार पायऱ्या चढला की धाप लागतेय. थुंकी तपासायला जाते, टीबीच्या गोळ्या सुरू होतात. गोळ्या संपतात, खोकला संपत नाही. मग पुन्हा गोळ्या. अशी एक-दोन वर्षं गेल्यावर एखादा डॉक्टर एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरतो आणि विचारतो, “बाबा, दगडाचं काम करत होता का?”

“व्हय. क्रशरवर. बारा वर्षं.”

इथं आजाराला नाव मिळतं, सिलिकोसिस. हा आजार कामातून आलेला आहे, त्याची भरपाई मागता येते, असंही कुणीतरी सांगतं. आणि लगोलग दुसरा प्रश्न येतो. कुणाकडे होता कामाला? काही पुरावा आहे?

पहिला प्रश्न डॉक्टरचा होता, दुसरा कचेरीचा आहे. ‘काम केलं का’ आणि ‘कुणाकडे केलं’ हे दोन प्रश्न इतके चिकटून येतात की ते वेगळे आहेत हेच आपल्या ध्यानात येत नाही. कामातून आलेल्या आजारांचे दावे वर्षानुवर्षं रखडतात, त्याचं एक मोठं कारण मला या गाठीत दिसतं. ती ओढून तोडण्यापेक्षा सावकाश सोडवून पाहावी म्हणतो.

आधी पहिला प्रश्न.

दगड फुटताना जी धूळ डोळ्याला दिसते ती त्यातल्या त्यात साधी. ती नाकात, घशात अडकते, खाकरली की पडते. खरी घातक धूळ दिसतच नाही. काही मायक्रॉनांचे तिचे कण श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत उतरतात. तिथल्या राखणदार पेशी त्या कणाला गिळतात, पण स्फटिकी सिलिका त्यांना पचत नाही. पेशी मरते, कण मोकळा होतो, पुढची पेशी त्याला गिळते, तीही मरते. प्रत्येक फेरीत भोवती थोडा चट्टा धरतो. अशा चट्ट्यांच्या बारीक गाठी होतात, गाठी एकमेकींत मिसळतात आणि फुप्फुस स्पंजासारखं न राहता घट्ट होत जातं. काम सुटलं, माणूस गावी परतला, तरी हे आतलं काम चालूच राहतं. झालेली हानी भरून काढणारं औषध नाही. वर टीबीचा धोका वाढतो तो वेगळाच, त्यामुळे सुरुवातीचं टीबीचं निदान दर वेळी चुकीचं असतं असंही नाही. ते अर्धवट असतं.

हा आजार शेजाऱ्याकडून लागत नाही, आईबापांकडून येत नाही, तंबाखूनं होत नाही. लडाखसारख्या धुळीच्या वादळांच्या मुलखात काम न करताही तो झालेला आढळला आहे, हे खरं. पण मराठवाड्यातल्या किंवा पुणे जिल्ह्यातल्या माणसाच्या छातीत या गाठी दिसल्या तर तो कधीतरी खाणीत, क्रशरवर, काचेच्या वा भट्टीच्या कारखान्यात, नाहीतर दगड घासण्याच्या कामावर होता, असं समजायला फार धाडस लागत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं अशा एक्स-रेंसाठी प्रमाण फिल्मांचा संच ठरवून दिला आहे. संशयित फिल्म त्याशेजारी ठेवायची आणि गाठींची दाटी किती ते बारा पायऱ्यांच्या मापावर वाचायचं. मालकाच्या मस्टरवर मजुराचं नाव असो नसो, फुप्फुसानं आपली हजेरी स्वतः लिहून ठेवलेली असते. तिच्यात खाडाखोड करता येत नाही आणि ती मालकाच्या कपाटातही नसते.

म्हणजे ‘काम केलं का’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा आजारातच असतं. फुप्फुस सांगू शकत नाही ते एवढंच, की धूळ कुणाच्या आवारातली होती.

आता कायदा. आपल्याकडे कामगार भरपाईचा कायदा 1923 सालचा. 2009 च्या दुरुस्तीनं त्याच्या नावातला ‘कामगार’ जाऊन ‘कर्मचारी’ आला, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या तेव्हा तो सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. मी इथं जुन्या कलमांचे आकडे वापरतो, कारण इतक्या वर्षांचे दावे याच आकड्यांवर लढले गेले. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजारांची यादी होती. सिलिकोसिस, ॲस्बेस्टोसिस, कापसाच्या धुळीनं होणारा बिसिनोसिस, सगळे त्यात. आणि एक उदार गृहीतकही होतं. त्या प्रकारच्या कामावर ठरलेला काळ असलेल्या माणसाला यादीतला आजार झाला, तर तो कामामुळेच झाला असं धरून चालायचं. नाही म्हणायचं असेल तर ते मालकानं सिद्ध करायचं.

ऐकायला छान वाटतं. पण या गृहीतकाच्या खोलीला एकच दार आहे आणि त्यावर पाटी आहे, ‘आधी नोकरी सिद्ध करा’. मालकाची कैफियत म्हणून आजार नाकारण्यापासून सुरू होत नाही. आजारावर वाद घालायला डॉक्टर आणावे लागतात, खर्च होतो. ती सुरू होते ती या वाक्यानं, की अर्जदार आमच्याकडे कधीच कामाला नव्हता. त्यापुढे काही लिहिण्याची गरजच पडत नाही. कलम 4अ मध्ये तर अशी तरतूद होती की दाव्याची पूर्ण रक्कम मालकाला मान्य नसेल, तर त्याला मान्य असेल तेवढी रक्कम त्यानं हंगामी म्हणून लगेच द्यावी. मालकाला शून्य मान्य असेल तर हंगामी रक्कमही शून्य. तीन महिन्यांत दावा निकाली काढावा असं कलम 2009 साली आलं. त्या तीन महिन्यांत कित्येकदा नोटीससुद्धा बजावून होत नाही, कारण क्रशरचं नाव बदललेलं असतं, भागीदार फुटलेले असतात आणि जुन्या पत्त्यावर आता कुणाचं तरी मंगल कार्यालय असतं.

कागद का नसतो, हे क्रशरवर एक दिवस घालवलेल्याला विचारायला नको. मजूर मालकाला ओळखतच नाही, तो ओळखतो मुकादमाला. उचल मुकादमानं दिलेली असते, हजेरी मुकादमाच्या खिशातल्या वहीत असते, हिशेब दिवाळीला होतो आणि वही त्यानंतर चुलीत जाते. नवरा-बायको दोघं काम करतात, पण वहीत नाव एकाचंच. बायकोला धाप लागली तर तिनं काम केलं होतं हे सांगणारा ओळभर मजकूरही कुठं नसतो.

आणि काळाचाही हिशेब जुळत नाही. सिलिकोसिस दिसायला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात. बंद जागेत कोरडं क्वार्ट्झ दळणाऱ्यांना तो चार-दोन वर्षांतही गाठतो, पण ते टोक झालं. वह्या-पावत्या मात्र चार-पाच वर्षांत रद्दीत निघतात. 1923 च्या कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षांची होती. नोकरी सुटल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली तर ती दिसल्या दिवसापासून मोजणी करावी, अशी सोयही होती. ही मुदत लिहिणाऱ्यासमोर बहुधा यंत्रात हात सापडलेला कामगार होता. हात सापडतो तेव्हा तारीख असते, वेळ असते, बघणारे असतात. धुळीला तारीख नसते. विलंब माफ करण्याचा अधिकार हे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांना होता आणि तो वापरलाही गेला, पण त्यासाठीही एक अर्ज, एक युक्तिवाद, एक तारीख.

सर्वोच्च न्यायालयाच्या हे लक्षात आलं होतं, हे इथं सांगायला हवं. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात 27 जानेवारी 1995 रोजी दिलेल्या निकालात न्यायालयानं सांगितलं की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षं किंवा काम सुटल्यावर 15 वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपून ठेवावी. चाळीस वर्षं हा आकडा आजाराकडे बघून आलेला आहे, कपाटाच्या आकाराकडे बघून नव्हे. माझ्या मते व्यवसायजन्य आजारांबद्दल आपल्याकडे लिहिली गेलेली ही सर्वांत शहाणी ओळ. पण ती ज्याच्याकडे मुळात दप्तर आहे त्याच्यासाठी. मुकादमाच्या खिशातल्या वहीला ती कशी लागू करणार?

कागद असूनही काय होतं, हे मुंबईनं पाहिलं आहे. प्रकरण आजाराचं नव्हे, घरांचं. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरं द्यायची ठरली तेव्हा अट अशी होती की 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर माणूस गिरणीच्या पटावर असावा. त्याच महिन्यात, 18 तारखेला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा तो संप सुरू झाला आणि पुष्कळांसाठी कधी संपलाच नाही. सुमारे दीड लाख अर्ज आले. कोण पात्र हे ठरवण्यासाठी म्हाडानं कागदपत्रं मागवण्याची मोठी मोहीम काढली ती 2023 साली, म्हणजे संपानंतर एकेचाळीस वर्षांनी. तिकीट नंबर, लाल पास, सर्व्हिस सर्टिफिकेट, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, ईएसआयचं कार्ड, पगाराची पावती, असलं काहीही चालणार होतं. लालबाग-परळमधून कोकणात, साताऱ्या-कोल्हापुरात परतलेल्या म्हाताऱ्यांनी, त्यांच्या विधवांनी, नातवंडांनी पत्र्याच्या पेट्या उपसल्या. कागद सापडला तो कित्येकांना अपघातानंच, कुणी देवाच्या फोटोमागं ठेवला होता म्हणून. गिरणीसारख्या संघटित, मस्टरवाल्या, युनियनवाल्या धंद्यात ही गत, तर क्रशरवरच्या माणसाकडून काय अपेक्षा ठेवायची?

गिरणीचा विषय निघालाच आहे तर माझ्या म्हणण्यातलं भोकही इथंच दाखवतो. फुप्फुसातली हजेरी ही गोष्ट सिलिकोसिसला लागू पडते. बिसिनोसिसला तशी पडत नाही. कार्डिंग खात्यात, ब्लो रूममध्ये कापसाची धूळ खाल्लेल्या कामगाराची छाती आवळते, पण एक्स-रेवर खास असं काही उमटत नाही. पुढच्या टप्प्यावर तर हा आजार विडी ओढणाऱ्याच्या दम्यासारखाच दिसतो, आणि गिरणीत विडी न ओढणारा मिळणं कठीण. तिथं साक्ष असते ती कामगाराच्या बोलण्यात. आठवड्याच्या सुटीनंतर कामावर पहिल्या दिवशी छाती भरून येते आणि आठवडाभरात थोडी सैल होते, हे या आजाराचं खास लक्षण. फुंकून घेतलेल्या श्वासाची मापं त्याला आधार देतात. म्हणजे इथं कुठल्या खात्यात किती वर्षं, हे विचारल्याशिवाय निदानच पुरं होत नाही. मुंबईत ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटर या गटानं बिसिनोसिसचे दावे राज्य कामगार विमा महामंडळापुढे नेले, तेव्हा कामाचा इतिहास आणि श्वासाची तपासणी यांची सांगड घालावी लागली. पण त्या कामगारांकडे ईएसआयचा नंबर होता. नोकरी कुणाकडे हा प्रश्न त्या नंबरानं निकाली काढलेला होता, म्हणून सगळा वाद आजारावर होऊ शकला. बदली कामगारांचं काय झालं असेल, हा विचार मात्र मनातून जात नाही. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम. धूळ पूर्ण, नोंद तुटक.

दोन प्रश्नांची गाठ सुटली तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच शेजारी घडलं. मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर, झाबुआ, धार या जिल्ह्यांतले आदिवासी गुजरातेत गोध्रा, बालासिनोर भागातल्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत मजुरीला जात. पोती भरायची, पांढरी पूड. काही महिने काम करून माणसं परत येत आणि काही वर्षांत मरत, तीही तिशीच्या आतबाहेर. एका घरातली दोन-दोन, तीन-तीन. नेमणुकीचा कागद नाही, पगाराची पावती नाही. एकेका मृत्यूचा एकेका मालकावर दावा लावायचा म्हटलं असतं तर पहिल्याच पायरीवर सगळं थांबलं असतं. तिथल्या संघटनांनी गावोगाव घरं मोजली, आजारी आणि मेलेल्यांच्या याद्या केल्या आणि प्रकरण राष्ट्रीय मानवाधिकार आयोग व सर्वोच्च न्यायालयापुढे गेलं. आयोगानं 2010 साली 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये गुजरात सरकारनं द्यावेत अशी शिफारस केली, आणि 304 आजारी माणसांच्या पुनर्वसनाची जबाबदारी मध्य प्रदेशावर टाकली. गुजरात सरकारनं पैसे द्यावेत, महिन्याभरात द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 4 मे 2016 रोजी सांगितलं. मूळ याचिका 2006 ची. दहा वर्षं लागलीच. तरी यात घडलं ते लक्षात घेण्याजोगं आहे. कोण कुठल्या कारखान्यात होता हे प्रत्येकाचं वेगवेगळं सिद्ध होण्याची वाट न पाहता पैसे देण्याचा हुकूम झाला. धूळ खरी आहे, मरण खरं आहे, कारखान्यांवर लक्ष ठेवणं सरकारचं काम होतं, ते झालं नाही, मग सरकारनं द्यावं. मालक शोधण्याचं काम त्यानंतरही करता येतं.

हा विचार कायद्याला परका आहे असं नाही. 1923 च्याच कायद्यात कलम 12 होतं. ठेकेदारामार्फत काम करून घेणाऱ्या मूळ मालकानं मजुराला भरपाई द्यावी आणि मग ती ठेकेदाराकडून वसूल करावी, असं ते सांगे. मजुराला आधी, हिशेब मागाहून. कलम 3 मध्ये आणखी एक पोटकलम होतं. सिलिकोसिससारखा मुरत येणारा आजार असेल आणि माणूस अनेक मालकांकडे राबला असेल, तर आयुक्तांना न्याय्य वाटेल त्या प्रमाणात सगळ्यांनी मिळून भार उचलायचा. कुणाच्या आवारातल्या कणानं फुप्फुस बिघडलं हे कुणालाच सांगता येणार नाही, हे कायदा लिहिणाऱ्यांना कळलेलं होतं. वाटणीची ही तरतूद मला फार आवडते. मात्र तिलाही आधी मालकांची यादी लागते, आणि यादीसाठी पुन्हा कागद.

राजस्थाननं 2019 च्या धोरणात यादीच बाजूला ठेवली. वाळवंटी दगडाचा तो प्रदेश, घरटी खाणकामगार. कामगार स्वतः अर्ज करतो, कामाचा इतिहास सांगतो, वैद्यकीय मंडळ तपासतं आणि प्रमाणपत्र देतं. प्रमाणपत्र मिळालं की 3 लाख रुपये, मृत्यूनंतर वारसांना 2 लाख, शिवाय दरमहा पेन्शन. पैसा येतो तो जिल्हा खनिज निधीतून आणि बांधकाम कामगारांच्या उपकरातून, म्हणजे सबंध धंद्याच्या खिशातून. कोणता मालक, हा प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. ब्रिटननंही ॲस्बेस्टॉसच्या कर्करोगासाठी 2014 साली असंच केलं. ज्याचा मालक वा त्याची विमा कंपनी आता सापडत नाही, त्याला विमा कंपन्यांवर बसवलेल्या पट्टीतून पैसे मिळतात.

शंका येईल की मग खोटे लोक घुसतील. घुसतात. राजस्थानातही बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं बाहेर आली. पण फसवणूक झाली ती वैद्यकीय तपासणीत, आणि तिथं तिला पकडताही येतं. तीच फिल्म दुसऱ्या डॉक्टरनं वाचली की झालं. उलट नोकरीचा दाखला सक्तीचा केला की काय होतं ते आपल्याकडच्या बांधकाम मजुरांना विचारा. कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार देत नाही, दिला तर त्याच्यावर जबाबदारी येईल. मग ग्रामसेवकाच्या मागं लागायचं, नाहीतर एजंटाच्या. ज्यानं वीट उचलली त्याला दाखला विकत घ्यावा लागतो आणि ज्यानं उचलली नाही त्यालाही तो त्याच दरात मिळतो. असा कागद काय पारखणार?

अमेरिकेतलं एक उदाहरण वेगळ्या कारणानं पाहण्यासारखं आहे. अणुबाँबच्या कारखान्यांत काम करून आजारी पडलेल्यांसाठी तिथं 2000 साली कायदा झाला. तिथं नोकरीची पडताळणी होतेच, सोडून दिलेली नाही. पण पडताळणी करायला निघतं सरकार. श्रमखातं ऊर्जाखात्याला विचारतं. तिथं सापडलं नाही तर सामाजिक सुरक्षेच्या खात्यावरच्या जुन्या वेतननोंदी पाहिल्या जातात, कंपनीच्या वारसांना पत्रं जातात, सोबतच्या कामगारांची प्रतिज्ञापत्रं चालतात. अडचणी तिथंही अगदी आपल्यासारख्याच. पोटठेकेदारांकडच्या रंगाऱ्यांची, सुतारांची, प्लंबरांची नावं दप्तरात सापडत नाहीत आणि माणसं वाट पाहत मरतात. तरीही कागद शोधायला कुणी चालायचं याचं उत्तर तिथं वेगळं आहे. आपल्याकडे ते धाप लागलेल्या माणसानंच चालायचं असतं.

आपला माणूस मात्र आज, आहे त्या व्यवस्थेत, तारखेला उभा आहे. त्याला वरच्या निरूपणाचा काय उपयोग? थोडा आहे. दोन प्रश्न वेगळे धरले की पुरावाही दोन ठिकाणी शोधता येतो. क्रशर त्या वर्षी त्या जागी चालू होता, हे मालक नाकारू शकत नाही. तहसील कचेरीत गौण खनिजाच्या रॉयल्टीची नोंद असते, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती असते, विजेचं बिल असतं, आणि यातलं पुष्कळसं माहितीच्या अधिकारात मागता येतं. इतकी ब्रास खडी काढली म्हणजे माणसं होतीच, आणि त्यांतल्या एकाचंही नाव मस्टरवर नसेल तर न मिळणाऱ्या नावाबद्दल मजुराला विचारायचं की मस्टर न ठेवणाऱ्याला? मजूर त्या गावात राहत होता, हे दाखवणारे कागद अनपेक्षित जागी मिळतात. मुलाचा शाळेतला दाखला, बाळंतपणाची आरोग्य केंद्रातली नोंद, लसीकरणाचं कार्ड, पोस्टातून गावी धाडलेल्या मनिऑर्डरची पावती. कुठल्याच कागदावर ‘क्रशर’ लिहिलेलं नसतं, पण सगळे एकाच वळणाकडे बोट दाखवतात.

मस्टर मागितलं, हेही लेखी असायला हवं. रोजंदारी मजुराला नेमणूकपत्र मिळत नाही, त्यानं शपथेवर साक्ष द्यावी आणि मालकाकडचं हजेरीपत्रक हजर करण्याची मागणी करावी, असं सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्ये, वर्षात 240 दिवस काम झालं का अशा एका वादात, सांगितलं. त्याच निकालात असंही आहे की मस्टर आणलं नाही एवढ्यावरून मालकाविरुद्ध अनुमान आपोआप काढता येणार नाही. म्हणून तोंडी तक्रार कामाची नाही. तारीख घातलेला अर्ज, त्याची पोच, मग आयुक्तांकडून हुकूम. साक्षीला माणसं बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयुक्तांना असतात. वकील ते मागायला विसरतात, हा माझा ग्रह आहे, पण तो तारखांचे रोजनामे वाचून झालेला आहे.

सगळ्यांत घाईचं काम वेगळंच असतं. सोबत काम केलेल्यांचे जबाब. साधारण दाव्यात साक्षीदार शेवटी येतात. इथं ते आधी घ्यायला हवेत, कारण साक्षीदारानं तीच धूळ खाल्लेली असते. तीन वर्षं दावा लांबला तर ज्याची साक्ष लावायची तोच अर्जदाराच्या आधी गेलेला असतो. अर्जदाराचा स्वतःचा जबाबसुद्धा पहिल्या संधीला, बसून बोलता येतं तोवर. मागं राहिलेल्या बायकोला क्रशरचं नाव पाठ असतं, पण उलटतपासणीत तिला विचारतात, तुम्ही स्वतः मस्टर पाहिलं का?

नव्या संहितांनी दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत प्रत्येकाला नेमणूकपत्र सक्तीचं केलं आहे. चांगलं आहे. ज्याला ते आज मिळेल त्याला त्याची गरज 2040 च्या आसपास पडेल. ज्यांना आज गरज आहे त्यांची कामं 2005 मध्येच होऊन गेली.

त्यांच्याकरता त्या केसपेपरकडेच परत यावं लागतं. ‘व्यवसाय’च्या रकान्यात ‘मजुरी’ लिहिण्याऐवजी कसली, कुठं, किती साल, एवढंच विचारलं तर अर्धं मिनिट जातं. आणि तो मजकूर दावा सुरू होण्याच्या कितीतरी आधीचा, कुठल्याही भरपाईची कल्पना नसताना सांगितलेला, सरकारी शिक्क्याखालचा असतो. विचारणारा भेटला तर माणूस सांगतोही. कंपनीचं नाव त्याला नीट येत नाही. पण हमरस्त्यावरून आत वळलं की पाण्याचा हौद लागतो, हौदापासून डावीकडं दोन क्रशर, त्यातला मागचा, हे तो सांगतो. मुकादम कुठल्या गावचा, त्याचा पाय कसा अधू होता, कन्व्हेअरचा पट्टा कुठल्या उन्हाळ्यात तुटला, आणि त्याच्या शेजारी घमेलं भरायला कोण कोण बसायचे, हेही. नावं तो एकेक करून घेतो, बोटांवर मोजत, आणि मध्येच थांबून म्हणतो, “ह्यो गेला. आन् ह्यो बी.”